छप्पर नसलेली दोन चर्चं

इतिहास बघायला पासपोर्ट लागत नाही. पण लागला की आपण तो जास्त मन लावून बघतो, असं माझं हल्ली मत झालंय. मध्यंतरी एका लाँग वीकेंडला आम्ही चौघं मित्र मलाक्काला जाऊन आलो आणि हे मत अजूनच पक्कं झालं. ते का, हे सांगायला हा शनिवारचा पसारा. चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

आधी ज्यांना नुसती ट्रिपची माहिती हवीये त्यांच्यासाठी. मलाक्का मलेशियात आहे, क्वालालंपूरच्या दक्षिणेला साधारण दीडशे किलोमीटर. मुंबईहून क्वालालंपूर पाचेक तास, तिथून बसने दोन-अडीच तास. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आणि हा प्रवास एकदम सोपा झाला (तरी निघण्याआधी तेव्हाचा नियम बघून घ्या, सरकारं काय, रिलीज नोट्स न देता व्हर्जन बदलतात). घड्याळ अडीच तास पुढे करायचं. जुनं शहर पायी फिरता येतं, दोन दिवस पुरतात. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, केळीच्या पानावर भात वाढणारी तमिळ हॉटेलं आहेत. आमच्या घाटकोपरकराने तरीही थेपले आणले होते. ते बाकीच्यांनीच संपवले.

चौघं म्हणजे मुलुंडकर, घाटकोपरकर, मरोळकर आणि अंधेरीचा मी. बऱ्याच वर्षांपूर्वी एकाच प्रोजेक्टवर होतो. प्रोजेक्ट बुडाला, मैत्री तरली. मरोळकर ईस्ट इंडियन आहे. म्हणजे मूळचा मुंबईचाच, ख्रिश्चन, आणि घरी मराठीच बोलणारा. त्यांची बोली आपल्याला टीव्हीवर ऐकू येत नाही, एवढंच. ही ओळख पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर मलाक्का. पंधराव्या शतकात हे एका सल्तनतीचं बंदर होतं, हिंदी महासागर आणि चीनचा समुद्र यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या सामुद्रधुनीवर. वारे बदलेपर्यंत जहाजांना तिथं मुक्काम करावाच लागे, त्यामुळे अख्ख्या आशियाचे व्यापारी गोळा व्हायचे. तोमे पिरेस नावाचा एक पोर्तुगीज औषधविक्या १५१२ नंतर काही वर्षं तिथं होता. त्या बंदरात ८४ भाषा बोलल्या जातात असं त्याने लिहून ठेवलंय. त्याने दिलेल्या व्यापाऱ्यांच्या यादीत गुजराती आहेत (इथे घाटकोपरकराची छाती दोन इंच फुगली), आणि चौल, दाभोळ, गोवा इथली माणसंही आहेत. चौल म्हणजे आपलं अलिबागजवळचं. आणि दाभोळ म्हणजे जिथून फेरीबोटीत गाडी घालून आपण गुहागरकडे जातो ते. पाचशे वर्षांपूर्वी कोकणातली माणसं तिथं धंदा करत होती आणि आपण मात्र ‘काहीतरी वेगळं डेस्टिनेशन’ म्हणून जातो!

१५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. तिथं त्याने किल्ला बांधला, आ फामोसा. मशिदींचे आणि सुलतानांच्या कबरींचे दगड त्यासाठी वापरले असं सांगतात. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतलं, १८२४ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेलं. त्याआधीही काही वर्षं ते इंग्रजांच्या ताब्यात होतंच, आणि १८०७ च्या सुमाराला त्यांनी हा किल्ला जवळजवळ सगळा पाडून टाकला. आज त्यातला एक दरवाजा उभा आहे, पोर्ता द सांतियागो. मागच्या टेकडीवर सेंट पॉलचं चर्च आहे, त्याला छप्पर नाही. आत भिंतींना टेकून डच काळातल्या समाधीशिळा ठेवल्यात. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव १५५३ मध्ये काही महिने इथं पुरलेलं होतं, मग ते गोव्याला नेलं. ती रिकामी जागा जाळी लावून जपलीय.

म्हणजे पोर्तुगीज खात्यात जमा काय, तर एक दरवाजा आणि एक बिनछपराचं चर्च. डच इमारती, चिनी देवळं, मशिदी, जुनी पेरानाकान घरं हे सगळं आहेच, आणि या सगळ्यासाठी २००८ साली जॉर्जटाउनबरोबर मलाक्काला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. पण मला आवडलं ते दर्जाचं नाही. त्याच टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी सुलतानाचा लाकडी राजवाडा पुन्हा बांधून त्यात संग्रहालय केलंय. जवळच स्वातंत्र्याचं स्मारक आहे, तेही इंग्रजांच्या जुन्या क्लबाच्या इमारतीत! म्हणजे जिंकणारा, हरणारा, आणि शेवटी घर परत मिळवणारा, तिघंही दहा मिनिटांच्या चालीत भेटतात. मलेशिया हा मुस्लिमबहुल देश आहे. मशिदींचे दगड वापरून बांधलेल्या किल्ल्याचा दरवाजा त्यांनी ‘परक्यांचा’ म्हणून पाडला नाही आणि त्याचे गोडवेही गायले नाहीत. ठेवला, पाटी लावली, शेजारी आपली बाजू मांडली. बस.

टेकडीवर त्या चर्चमध्ये आम्ही बसलो होतो. मुलुंडकर तीसएक फोटो काढून झाल्यावर म्हणाला, "काय जागा आहे यार! आपल्याकडे असं काही असतं तर..."

मरोळकर शांतपणे म्हणाला, "आहे की. सीप्झमध्ये."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंधेरी पूर्वेला सीप्झच्या कुंपणाच्या आत, सॉफ्टवेअर कंपन्या आणि हिऱ्यांच्या कारखान्यांच्या शेजारी, झाडीमध्ये सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधलं. १८४० मध्ये रोगाची साथ आली तेव्हा गावकऱ्यांनी ते सोडलं आणि मरोळला नवीन चर्च केलं. जुन्या चर्चमधल्या काही वस्तूही तिकडे नेल्या. पुढे ही जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि १९७३ मध्ये तिथं निर्यात क्षेत्र आलं. निर्यात क्षेत्र म्हणजे कस्टम्सचा मामला, पास असल्याशिवाय आत प्रवेश नाही. मी काही वर्षं आत कामाला होतो, त्यामुळे जेवणानंतरच्या फेरीत ते पुष्कळदा पाहिलंय. दर्शनी भिंत उभी, आत आकाश. मलाक्कासारखंच. फक्त पाटीपाशी फोटो काढणारी गर्दी नाही.

आसपासच्या गावठाणातले लोक वर्षातून एकदा, मे महिन्यात, परवानगी काढून तिथं मिस्सा करत आलेत. मरोळकर म्हणाला, "आमच्या घरच्यांना वर्षातून एकदा जायला मिळायचं. तुला रोज मिळायचं, ते कंपनीचं आयकार्ड होतं म्हणून." तो चिडून नाही बोलला हे. पण त्यावर कोणी काही बोललं नाही.

आता थोडा हिशोब. पोर्तुगीज मलाक्कामध्ये १५११ ते १६४१ होते, म्हणजे १३० वर्षं. इकडे गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख १५३४ च्या तहाने त्यांना दिला, त्यात साष्टी बेटही आलं. साष्टी म्हणजे आपली उपनगरं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिथं आपण टू बीएचकेचे हप्ते भरतो ते सगळं. मराठ्यांनी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ते घेतलं. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं झाली. मलाक्कापेक्षा सत्तरएक वर्षं जास्त! तरी ‘पोर्तुगीज’ म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो, नाहीतर परदेश.

आणि हे काही फक्त दगडांत नाही. पाव, बटाटा, चावी, इस्त्री, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेत (पगार हा शब्द नसता तर आपल्या व्यवसायाचं काय झालं असतं कोण जाणे). मलाक्काच्या बाजारात अननसाला ‘नानास’ म्हणतात आणि कपाटाला ‘अलमारी’. चर्चला ‘गेरेजा’, आपल्याकडच्या गिरजाघराचा सख्खा भाऊ. एकाच दुकानातून उधारी घेतलेली दोन गिऱ्हाईकं.

बोरिवलीकरांना तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. माउंट पॉयसरला मंडपेश्वरची लेणी आहेत. मुळात शिवाचं लेणं, पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं, वर मठ बांधला. त्या मठाच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि खाली लेण्यात एका भिंतीवर कोरलेला क्रूस दिसतो. एकाच खडकात तिन्ही गोष्टी आहेत, श्रद्धा, तिची मोडतोड, आणि मोडणाऱ्याचीही श्रद्धा. आपल्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड आहे, जुने बदल सगळे शाबूत आहेत, फक्त कमेंट्स कोणीतरी उडवल्यात. त्यामुळे वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि हात लावणाऱ्याला भीती वाटते.

आणि वसई! बोरिवलीहून विरार लोकलने वसई रोड, पुढे रिक्षा किंवा बस. मलाक्कात किल्ल्याचा एक दरवाजा आहे. वसईत तटबंदी आहे, बुरूज आहेत, बालेकिल्ला आहे, एक सोडून अनेक चर्चचे अवशेष आहेत. एका अख्ख्या शहराचा सांगाडा उभा आहे. गोन्सालो गार्सिया, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत, या वसईचा. १५९७ मध्ये त्याला जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारलं आणि १८६२ मध्ये संतपद दिलं. म्हणजे वसईचा मुलगा सोळाव्या शतकात ‘ऑनसाइट’ जपानला पोचला होता. २०१६ मध्ये कोल्डप्लेच्या व्हिडिओत हा किल्ला जगाने पाहिला. पण तिथं गेल्यावर जागच्या जागी ही गोष्ट सांगणारं फार थोडं आहे. तटाजवळ प्री-वेडिंगचं शूटिंग दिसतं, क्रिकेट दिसतं. मला क्रिकेटबद्दल आक्षेप नाही. किल्ला वापरात आहे हे चांगलंच आहे. पण खेळणाऱ्या पोराला आपण कुठल्या चौकात उभे आहोत ते कळायला काय हरकत आहे?

इथं दोन आक्षेप येणार, दोन्ही आमच्या परतीच्या बसमध्येच आले.

पहिला मुलुंडकराचा. "पोर्तुगीजांनी देवळं पाडली, लोक बाटवले, गोव्यात इन्क्विझिशन चालवलं. त्यांच्या भिंती आपण का जपायच्या?" प्रश्न रास्त आहे, आणि त्यातली एकही गोष्ट खोटी नाही. पण वसईचा पराक्रम आपल्याला सांगायचा असेल तर वसईच्या भिंती लागणारच. चिमाजी अप्पाच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला, मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि त्यांना बायकापोरांसह सन्मानाने जाऊ दिलं. हा तट किती जाड होता हे हात लावून बघितल्याशिवाय तो फोडणं काय होतं ते कळत नाही. विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी चर्चच्या घंटा नेल्या. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला. गंमत बघा, त्यांनी त्या वितळवल्या नाहीत. देवळात टांगल्या. वस्तू ठेवून तिची मालकी बदलणं आपल्या पूर्वजांना जमत होतं.

आणि अंधेरीच्या चर्चचा हिशोब तर अजूनच सरळ आहे. पोर्तुगीज १७३९ पर्यंत गेले. चर्च १८४० पर्यंत चालू होतं. आधी मराठे, मग १७७४ पासून इंग्रज. म्हणजे शेवटची शंभर वर्षं तिथं येणारे लोक कोण होते? पोर्तुगीज तर नाहीत. मरोळ-कोंडिविट्याचे शेतकरी, मराठी बोलणारे. ‘ईस्ट इंडियन’ हे नावही त्यांनी नंतर, १८८७ मध्ये घेतलं. बाहेरून येणाऱ्या इतर ख्रिश्चनांपासून आपण वेगळे, इथलेच, हे सांगायला. तेव्हा ते चर्च बांधलं परक्यांनी असेल, पण सोडलं ते आपल्या माणसांनी. ते ‘पोर्तुगीज अवशेष’ म्हणून बाजूला टाकलं की एका मराठी समाजाचा इतिहास परक्यांच्या खात्यात जमा होतो. माझा खरा मुद्दा हा आहे. दगडांचं काय, ते पावसात अजून काही वर्षं उभे राहतील. पण मरोळकराला त्याच्याच गावात ‘तू मूळचा कुठला? गोव्याचा का?’ असं विचारलं जातं. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, एकदा नाही, अनेकदा. दरवेळी तो हसून "मरोळ" म्हणतो. आणि समोरचा म्हणतो, "नाही नाही, मूळचा?"

दुसरा आक्षेप खुद्द मरोळकराचा. मलाक्कासारखं करायचं म्हणजे बाजार मांडायचा का? हाही खरा प्रश्न. मलाक्काचा जाँकर स्ट्रीट शनिवारी रात्री बघा. दिव्यांनी मढवलेल्या, गाणी कोकलणाऱ्या सायकलरिक्षा, फ्रीज मॅग्नेटची दुकानं, आणि ज्या घरांसाठी हे कौतुक त्यांत राहतंय कोण ते शोधावं लागतं. त्यापेक्षा मला आवडली ती उजोंग पासिरची पोर्तुगीज वसाहत. समुद्राकाठी साधीशी वस्ती, १९३० च्या दशकात वसवलेली. तिथल्या लोकांची क्रिस्तांग नावाची पोर्तुगीजपासून झालेली बोली आहे. ती टिकवायची त्यांची धडपड चालू आहे, कारण पोरं इंग्रजी आणि मलय बोलतात. मरोळकर तिथं एका आजोबांशी अर्धा तास मसाल्यांवर बोलत बसला. ईस्ट इंडियन बॉटल मसाला काय, त्यांची डेबल करी काय. आजोबांना मुंबई माहीत होती, मरोळ नव्हतं. ते आता माहीत झालं.

तर बाजार नको आणि कुलूपही नको. मला जे हवंय ते फारसं खर्चिक नाही. एक, सीप्झमधलं चर्च महिन्यातून एका रविवारी, ओळखपत्र दाखवून, नावनोंदणी करून लोकांना बघता यावं. सुरक्षेचा प्रश्न आहे हे मान्य, पण हजारो लोक रोज तपासणी होऊन आत जातातच, अजून शंभर रविवारी गेले तर ते व्यवस्थेच्या आवाक्यातलं आहे. २०२४ पासून मेट्रो ३ चं सीप्झ स्टेशनही झालंय, यायची सोय आहे. दोन, वसईत आणि मंडपेश्वरला चांगल्या मराठीत पाट्या हव्यात, ज्यांत १५३४ ही असेल आणि १७३९ ही, आणि मध्ये राहिलेल्या माणसांबद्दलही चार ओळी असतील. तीन, उपनगरातल्या शाळांच्या सहली इथं याव्यात. २०२५ मध्ये १२ मराठा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला आणि अभिमानाने ठेवला. त्याच अभिमानाला वसईपर्यंत ताणायला हरकत नसावी. शेवटी ती जिंकली मराठ्यांनीच!

असो. सरकार काय करायचं ते करेल, त्याच्या स्प्रिंटला किती वर्षं लागतात ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात काय आहे, तर ऑफिसातल्या ईस्ट इंडियन सहकाऱ्याला ‘मूळचा कुठला’ विचारायच्या ऐवजी ‘तुमच्या गावठाणात काय काय होतं’ असं विचारणं. बरंच ऐकायला मिळतं, आणि नशीब असेल तर जेवायलाही. आणि दुसरं म्हणजे वसई. तिला लाँग वीकेंड लागत नाही, रविवारची सकाळ पुरते. पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा, उन्हं चढायच्या आत तटावर पोचा, पाणी बरोबर ठेवा. येताना केळी घ्या, वसईची आहेत.